आठ नंबरची बस

कॉर्कच्या पुनर्वसन केंद्रात नोरीनच्या नवऱ्याचा पहिला दिवस होता. त्याला आत नेलं होतं. ती बाहेर बसून, नोंदणीच्या खिडकीपाशी चाललेलं बोलणं ऐकत होती. खिडकीत नवी मुलगी होती, समोर टोपी हातात धरलेला म्हातारा.

"डोनल, आजच्या यादीत तुमचं नाव नाही."

"नसणारच. माझे उपचार इस्टरलाच संपले."

"मग कुणाला भेटायचंय?"

"कुणालाच नाही. डोक्याला मार बसला आणि रस्ते पुसले गेले बघ. तुमच्या लोकांनी चार महिने खपून मला आठ नंबरच्या बसनं इथं यायला शिकवलं. आधी तुमच्यातली एक शेजारी बसायची, मग मागच्या सीटवर, मग नुसती स्टॉपवर उभी राहायची."

"मग?"

"मग एकटा आलो. सगळ्या टीमनं टाळ्या वाजवल्या, केक कापला. म्हणाले, आता खुशाल हिंडा."

"मग हिंडायचं की. इथं काय ठेवलंय?"

"पोरी, मला एवढीच बस येते."

मुलीनं यादी बाजूला सरकवली.

"परतीची अकरा वीसला आहे. तोवर बसलो तर चालेल?"

नोरीननं शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली.