गरम दिवा

हसू नका गा, हे माझ्यासंग घडलं हाय. नंदनवनच्या छापखान्यात मी देवरावकाकाच्या हाताखाली नवाच लागलो होतो. प्लेटा बनवाच्या बिनखिडकीच्या खोलीत मेटल हॅलाइडचा एकच मोठा दिवा होता. भर दुपारी लाइट गेली अन् लगेच आली, पण दिवा काही पेटेना. मी अंधारात चाचपडत बटन दाबाले गेलो.

"दाबू नको," मागून देवरावकाका बोलले. "गरम दिवा पेटत नसते. त्याले आधी थंडा होऊ दे."

दहा मिनिटं आम्ही माझ्या मायच्या गुडघेदुखीवर बोललो. मग दिवा आपोआप पेटला, आधी जांभळा, मग हळूहळू पांढरा. खोलीत मी एकटाच!

तेवढ्यात देवरावकाका बाहेरून चहा पिऊन आले. मी त्यायले सारं सांगितलं.

ते म्हणाले, "जुने मिस्त्री असतीन. मले बी त्यायनंच शिकवलं, ते मेल्यावर दोन वर्षांनी."