मानाचा कोपरा

लिवून घ्या ताई, माझं नाव सुलोचना, पर सुली म्हटल्याबिगर गावात कुणाला कळायचं न्हाई. माहेर माझं कराडकडचं, नदीकाठचं, काळं रान, ऊस, पाण्याला तोटा न्हाई, आन् दिलं मला कुटं तर हितं विट्याकडच्या माळावर, जितं कुसळं उगवायची आन् बापयं तेवढी परमुलखात गलाईला जायची, म्हंजे सोनं आटवायच्या दुकानात. आमचं मालक त्यातलं न्हाई हां. आमचं मालक मिल्ट्रीत. सारी नोकरी ट्रक चालवला, बटाटं आन् कांदं वाहिलं, आन् हितं पारावर बसून सांगत्यात आमी बंकर बांधलं. म्या एकदा इच्यारलं, कुटला वो बंकर, तर म्हणालं ते सांगायची परवानगी न्हाई. घ्या आता.

तर डंकाचं सांगते. डंक म्हंजे मिरची कुटायची मशीन, मोटारीवर लोखंडी मुसळं वर-खाली हुत्यात, धाड धाड धाड, आख्ख्या गल्लीला ठसका लागतोय. ती मशीन माजी हाय, नवऱ्याची न्हाई, सासऱ्याची न्हाई. काय झालं, बाप गेल्यावर माजं भाऊ गाडी करून आलं, साडी आणली, पेढं आणलं, म्हणालं आक्का, हक्कसोडवर तेवढी सही कर. आमच्यात सगळ्या लेकी करत्यात, साडी घेत्यात, डोळं पुसत्यात आन् बापाच्या रानावर पाणी सोडून जात्यात. म्या म्हटलं करती की, पर साडी परत न्या, मला डंक घिऊन द्या. भावांची तोंडं बगायसारखी झाली. धाकला म्हणाला आक्का, हे काय शोभतंय का? म्हटलं, तुला रान शोभतंय न्हवं, मंग मला डंक शोभल. दिला बाबा. म्हंजे काय, माझ्या बापाचं रान त्या डंकात हाय, हे ध्येनात ठेवा, म्हंजे म्होरलं कळंल.

डंक हुबा केल्ता थोरल्या दिराच्या शेडात. जालिंदर नाव त्येंचं, पर नुसतं जालिंदर म्हणायचं न्हाई, जालिंदरशेठ. तिकडं लांब गलाईचं दुकान, गळ्यात चेन, बोटात अंगठ्या, गावात आलं की पांढऱ्या कापडाशिवाय दिसायचं न्हाईत. शेड बारा म्हैनं रिकामं, उंदरं नांदायची, आन् मी कुटायला लागली, बायकांची रांग लागाय लागली, तसा शेठास्नी त्या जागंवर बंगला सुचला. फोनवर म्हणालं, शिमग्याच्या आत शेड मोकळं करा. बगा म्हंजे, शिमग्यापासनं तर माजा सीझन! मिरची तवाच वाळती, वळवाच्या पावसाच्या आत सगळ्यांची चटणी कुटून झाली पायजे. तेवढ्या दिवसात डंक बंद पडला तर बायका पलीकडच्या गावाला जाणार, आन् एकदा गेलेलं गिऱ्हाईक परत कशाला येतंय. बंगला अजून झालाय व्हय? तितं आजबी कुत्री लोळत्यात.

मंग आमच्याच अंगणात घराला लागून कोबा करायचा ठरलं, वर पत्रा. म्या म्हटलं रज्जाक मिस्त्रीला सांगा. रज्जाकभाई म्हणालं ईद झाल्यावर येतो, कामं लय हाईत. आन् मालक तेच बगत हुतं. मिस्त्री कशाला, काँक्रीट हाय, काय इमान उडवायचं न्हाई, हो जायेगा, म्हणालं. जवा जवा हा माणूस हो जायेगा म्हणालाय न्हवं, तवा तवा माजं वाटूळं झालंय. फोनवर कोबा घालताना कुटला तर बाबा बघितला, त्यो लांब दाढीचा, इंग्रजीत बोलत हुता, मालकाला त्यातलं ओ का ठो कळत न्हवतं, पर मान हालवत हुतं. मला म्हणालं, बग, त्यो एकटा करतुया. म्हटलं, त्यो करतुया वो, तुमी बघताय.

बरं, सोलिंग चांगलं केलं, खोटं कशाला बोलू, दगूड बसवलं, मुरूम दाबला, भावकीतली चार माणसं आली, खडी, कच, सिमेट सगळं आलं. सकाळच्या पारी माल कालवाय लागली. मी म्हटलं चला, आज बापाच्या रानाला बूड मिळतंय. तर काय, मालकानं एका कोपऱ्याला फळ्या लावून चौकोन रिकामा ठेवला. म्हटलं ह्ये काय? म्हणालं, ती मानाची पाटी. शेठ निघाल्यात तिकडनं, त्येंच्या हातनं मालाची शेवटची पाटी, म्हंजे घमेलं, पडणार, नारळ फुटणार. आवं, ज्येनं मला शेडातनं भाईर काढलं त्येचा मान! आन् कोपरा कुटला? तर बरूबर डंकाचाच. लाइटीचा बोर्ड तितं, मशीन तितंच बसणार. म्हटलं मान करायचाच तर त्या तिकडच्या कोपऱ्यात करा, कोंबड्यांच्या खुराड्याम्होरं. न्हाई. फोटूत रस्ता आला पायजे, शेठाची गाडी आली पायजे.

दुपारी बाकीचा कोबा झाला. चौकोनाचा माल कालवून ढीग करून ठेवला, वर पोतं झाकलं, आन् शेठाची वाट बगत बसली सगळी. फोन लावायचा, शेठ कुटवर? निपाणी सोडली. परत फोन, कुटवर? कोल्हापुरात जेवाय थांबलोय. आन् हितं माल घट्ट व्हाय लागला. म्या सांगितलं, टाका त्यो माल, शेठ आलं की नव्यानं कालवा. मालक म्हणालं सिमेट फुकट घालवती व्हय. मटण शिजलं, गार झालं, पुन्यांदा तापवलं. दीस मावळायला गाडी आली. तवर माल दगूड झाल्ता. मंग काय केलं ठावं हाय? त्यात पाणी वतलं आन् फावड्यानं फोडून परत कालवलं. गार झालेल्या पिठल्यात पाणी वतलं तर काय हुतंय, गुठळ्याच हुत्यात न्हवं? त्ये माझ्यासारख्या चुलीम्होरल्या बाईला कळतंय, आन् हितं चार मिशावालं बापयं मान हालवत्यात, जमतंय जमतंय.

शेठ उतरलं. पांढरी पँट. अर्धी पाटी दिली हातात, पुरी उचलायची न्हाई. तीबी वतली न्हाई हां लगीच, धरून हुबं राहिलं, फोटू झालं, एकदा गॉगल घालून, एकदा काढून. मंग वतली तशी बुटावर चिखूल उडाला, तर आई गं म्हणालं. बाकीचं गड्यांनी भरलं. शेठांनी खिळा मागितला आन् वल्या मालावर आपल्या हातानं लिवलं, जालिंदरशेठ यांच्या हस्ते. हस्ते! आन् जाताना मला म्हणालं, सुले, बग, जागा केली का न्हाई तुजी? म्या पदर घेटला, पाया पडली. काय करणार, थोरलं दीर. पर पोटात असा भडका उडाल्ता की चुलीला काडी लागली नसती.

डंक बसला. पयला आठवडा बरा गेला. मंग बगते तर मुसळं पडली की कोपरा हालतुया, किडक्या दातावाणी. जितं फळ्या हुत्या तितनं चारी बाजूनं चीर गेल्ती, बाकीचा कोबा जाग्याला, मानाचा तेवढा सुटलेला. डंक सरकाय लागला. मुसळ उखळाच्या काठावर बसाय लागलं, मिरची भाईर, बायकांच्या डोळ्यात. दोन बायका पिशव्या उचलून पलीकडच्या गावाला गेल्या, माझ्या डोळ्यादेखत. त्या दिशी मी रडली, खरं सांगते. शेडातनं काढलं तवा रडली न्हवती.

मालकाला म्हटलं, फोडा त्यो कोपरा. तर चेहरा पडला. म्हणालं, थोरल्याचं नाव हाय त्येच्यावर, इच्यारल्याबिगर कसं फोडायचं. आन् खरंच फोन लावला बरं का! शेठ म्हणालं, मी यात्रंला येतोय, तवा बगू, तवर हात लावू नगा, नाव हाय. यात्रा वैशाखात. तवर माजा सीझन मसणात. मालकानं फोन ठिवला आन् म्हणालं, यात्रंपातूर थांबू. हे बंकर बांधणारं!

म्या डंक बंद केला. पहार आणली. पयला घाव घाटला तो जालिंदरवरच. रज्जाकभाईची बायकू नजमाभाभी मिरची घिऊन आली हुती, ती म्हणाली, अगं सुले, मरशील, सरक, आन् तिनं दुसरी पहार घेटली. रांगंतल्या बायकांनी पदर खोचला, डंक उचलून बाजूला घेटला. कुणी खडी आणली, कुणी पाणी, ताजा माल कालवला आन् कालवला तसा भरला, मधी कुणी बसलं न्हाई. चा केल्ता, त्यो तसाच गार झाला. नारळ न्हाई, फोटू न्हाई. बापयं पारावरनं बगत हुतं.

पर एक सांगते, मालकाचं. दुसऱ्या दिशी पाटंला उठली तर हा माणूस कळशी घिऊन त्या कोपऱ्याला पाणी मारतुया. कुणी सांगितलं न्हवतं. रोज मारलं, डंक पुन्यांदा बसूस्तवर. तेवढं एक नीट केलं बगा जन्मात.

सीझन निम्मा गेला, निम्मा वाचला. गेलेल्या दोघीतली एक परत आली. आज तुमी बसलाय तितनं आईकताय न्हवं, धाड धाड, कोपरा हालतुया का? बगा हात लावून.

आन् परवा शेठ आलं. तिकडची चटणी गोड लागत न्हाई म्हणं, मिरचीचं पोतं घिऊन आलं. सुले, माजं आधी घे, गाडी थांबलीया. म्या पदर घेटला. म्हटलं, भावजी, बायका पाटंपासनं बसल्यात, नंबरानं घिऊ, बसा की. कुटं बसू म्हणालं, तर त्यो दारातला दगूड दावला, बायका बसत्यात त्यो. पांढरी पँट झटकून बसलं बिचारं. मंग इकडं तिकडं बघितलं आन् मालकाला म्हणालं, आरं, माजं नाव लिवलेलं त्ये कुटं गेलं रं?

त्यो दगूड म्हंजे त्येंचाच कोपरा, ताई, घाव बसला तरी नावाचा त्येवढा तुकडा आख्खा निघाल्ता. नाव खाली करून पालथा घाटलाय. मालकानं माझ्याकडं बघितलं. म्या बटण दाबलं. डंक सुरू झाल्यावर हितं कुणाचं कुणाला आईकू येत न्हाई.

देव त्यास्नी लय आयुष्य देवो. दर साली पोतं घिऊन येऊदेत, आन् माझ्या दारात नंबरला बसूदेत.