खंडेनवमीचा ब्रेड

(खंडेनवमीची सकाळ. योगिनी ठाण्यात, खोपटला ऑफिसच्या जिन्यात, फोनवर. पलीकडे कल्याणहून तिची नणंद प्राची. सासूबाई शेवंती आणि दोन वर्षांचा हर्षित डोंबिवलीच्या घरी.)

प्राची: मशीन देतानाच सांगितलेलं तुला, वहिनी. टायमर लावलास की वर चिठ्ठी चिकटव. बघणाऱ्याला कळत नाही ते बंद आहे की दबा धरून बसलंय.

योगिनी: आणि मी म्हणाले, हे ब्रेडचं मशीन आहे का कुत्रा, सावध राहा म्हणून पाटी लावायला. माहितीये. नको परत ऐकवूस.

प्राची: नको कसं? आयुष्यात पहिल्यांदा मी बरोबर निघालेय. पण झालं काय?

योगिनी: फोटो बघ. आत्ता पाठवलाय.

प्राची: थांब हं... अगं! हार? ब्रेडच्या मशीनला?

योगिनी: हार, कुंकवाचं स्वस्तिक, खाली पाट, पाटाभोवती रांगोळी, झाकणावर नारळ. सगळं ओट्यावर. आईंनी पाठवलाय. खाली लिहिलंय, 'पूजा छान झाली, काळजी नसावी.'

प्राची: कसलं भारी दिसतंय यार! झेंडूच्या मधून तो डिस्प्ले असा डोकावतोय, मुंडावळ्यांमधून नवरदेव बघतो तसा.

योगिनी: त्या नवरदेवाच्या खाली बघ. लाल दिवा लागलाय. सकाळी सातला मी टायमर लावून निघाले. हर्षित तीनला झोपेतून उठतो, तेव्हा ब्रेड तयार पाहिजे. म्हणजे ते मशीन अकरा पन्नासला आपोआप सुरू होणार. आता अकरा एकेचाळीस झालेत.

प्राची: आणि आईला माहीत नाही.

योगिनी: आईंना माहीत नाही. समोर निरांजन पेटलंय. हर्षित घरभर धावतो. मी चार वेळा फोन केला, उचलत नाहीत.

प्राची: आरती चालू असेल. ब्रेडची.

योगिनी: हसू नकोस ना! दोन वर्षांनी कामावरचा पहिला दिवस आहे माझा. नवीन मॅनेजर आत बसलाय, मी जिन्यात उभी राहून समोरच्या एसटी डेपोतल्या घोषणा ऐकतेय. मला बाकी काही नको. संध्याकाळी दार उघडल्यावर पोरगा सकाळी होता तसाच दिसायला हवा. ओठ, डोळे, सगळं तसंच. गेल्या वर्षी तू नव्हतीस. त्या बेकरीच्या ब्रेडमध्ये दुधाची पावडर होती, एवढीशी. दहा मिनिटांत तोंड सुजून...

प्राची: माहितीये, वहिनी. म्हणून तर मशीन आणलं ना मी.

योगिनी: तुला माहितीये. आईंना पटलंय का, ते मला माहीत नाही. त्या ब्रेडच्या आधी डॉक्टरांच्या तोंडावर म्हणाल्या होत्या, दुधाने कधी कोणाला काही झालंय का. त्यानंतर आजपर्यंत त्या विषयावर एक शब्द नाही. आणि आजपासून दिवसभर पोरगा त्यांच्याकडे.

प्राची: दिपेशदादा काय म्हणतो?

योगिनी: तुझा दादा म्हणतो, तू फार विचार करतेस. कोणीतरी करायला नको का घरात?

प्राची: बरं थांब, आईला जोडते. माझा फोन ती उचलते, तिला वाटतं जावयाशी भांडण झालं असेल. ...हॅलो? आई?

शेवंती: काय गो, भांडलात?

प्राची: नाही गं. वहिनी पण आहे फोनवर.

शेवंती: दोघी एकदम? अगो, फोटो बघितलात ना? तुझ्या बाबांच्या लेथला घालायचे तसाच हार केलाय. मधे आंब्याची पानं, कडेला झेंडू.

योगिनी: आई, हर्षित कुठे आहे?

शेवंती: माझ्या कडेवर. कुठे जाईल?

योगिनी: बरं. मशीनचं बटण बंद करा. भिंतीवरचं. आत्ताच्या आत्ता.

शेवंती: आत्ता? अक्षता टाकल्या की! आता उद्या दसऱ्याची पूजा होईपर्यंत यंत्राला हात लावायचा नाही.

योगिनी: मग लाल दिवा चालू कशाला ठेवलात?

शेवंती: छान दिसत होता. म्हटलं, समई बाहेर आहे, याचा एक आत असूदे.

प्राची: आई, तू महान आहेस.

शेवंती: हसतेस काय? यांच्या कारखान्यात खंडेनवमीला अख्खी लाइन बंद असायची. साहेब आला तरी बटणाला हात लावायची टाप नव्हती. एकदा एका नव्या सुपरवायझरने पूजेनंतर ड्रिल सुरू केलं.

प्राची: मग? काय झालं त्याला?

शेवंती: काय होणार? कोणी पेढा दिला नाही. दिवाळीपर्यंत.

योगिनी: आई, प्लीज ऐका. मी सकाळी टायमर लावलाय. ते मशीन आता चार मिनिटांत स्वतःच सुरू होणार आहे.

शेवंती: स्वतः म्हणजे?

योगिनी: स्वतः म्हणजे आपोआप. कोणी काही न करता.

शेवंती: कोणी हात न लावता?

योगिनी: हो!

शेवंती: मग मोडलं कुठे? आपण कुठे हात लावला? त्याच्या मनाने ते चालणार असेल तर आपण कोण गो अडवणार?

प्राची: वहिनी, मी जमिनीवर बसलेय. माझ्याच्याने उभं राहवत नाही.

योगिनी: आई, ते चालताना हलतं. सरकतं. रोज मी खाली ओलं फडकं घालते. आज तुम्ही खाली पाट ठेवलाय, पाट गुळगुळीत, वर नारळ, पुढे निरांजन. निरांजन तरी उचला.

शेवंती: निरांजन उचलते. ते माझं आहे, यंत्राचं नाही. हां, ठेवलं देव्हाऱ्यात. आता काय?

योगिनी: आता नारळ.

शेवंती: नारळ उचलायचा म्हणजे झाकणाला हात...

योगिनी: आई!

शेवंती: थांब, थांब. काहीतरी बोललं ते. टिक् झालं. हर्षित, ऐकलंस? अगो बाय! हललं! नारळ डोलायला लागला!

प्राची: व्हिडिओ लाव! आई, व्हिडिओ लाव गं!

शेवंती: हात कुठे मोकळा आहे? ढुप ढुप ढुप ढुप करतंय. हा उड्या मारतोय कडेवर. अरे गाढवा, माझी कंबर! हार बघ कसा झुलतोय. अगदी पालखी निघाल्यासारखं दिसतंय गो.

योगिनी: सरकतंय का ते? आई, खरं सांगा.

शेवंती: सरकतंय ना. रांगोळी ओलांडली. स्वस्तिक आता गॅसकडे तोंड करून आहे.

योगिनी: धरा! धरा त्याला!

शेवंती: हात लावायचा नाही.

योगिनी: खाली पडलं तर पायावर पडेल! चार किलोचं आहे!

शेवंती: ओरडू नको. धरलंय.

योगिनी: मशीन?

शेवंती: पाट. पाटाला हात लावलाय, यंत्राला नाही. आणि पुढे तांदळाचा डबा लावला. आता जाईल कुठे?

प्राची: वकील व्हायला हवी होती ही. खरंच सांगते, कल्याण कोर्टात बसवायला हवी होती.

शेवंती: किती वेळ नाचतं हे?

योगिनी: आधी पाचेक मिनिटं. मग झोपतं. मग परत उठून थोडं मळतं. मग परत झोपतं, फुगतं.

शेवंती: म्हणजे नातवासारखंच. बरं, भाजायला कधी लागतं?

योगिनी: दोननंतर. त्याच्या आत हार काढावा लागेल, वरून वाफ येते.

शेवंती: हार माझा. मी केला, मीच काढेन. त्याला काही दोष नाही.

प्राची: वहिनी, तू हसलीस! ऐकलं मी!

योगिनी: नाही हसले.

प्राची: हसलीस. नाकातून.

योगिनी: बरं, हसले. जिन्यातून एक माणूस गेला आत्ता, तो पण बघून गेला. आई, थँक्यू. ठेवू का मी? मॅनेजर शोधत असेल.

शेवंती: ठेव ठेव. नैवेद्य पण दाखवलाय, सगळं रीतसर झालंय. चमचाभर आत पण सोडला.

योगिनी: आत?

शेवंती: त्या भांड्यात. झाकण उघडून. ते अक्षतांच्या आधी गो, तेव्हा हात चालतो.

योगिनी: काय सोडलं आत?

शेवंती: दूध-साखर.

प्राची: आई...

योगिनी: आई, काय सोडलं म्हणालात?

शेवंती: दूध-साखर गो, नैवेद्याची. काय झालं?

योगिनी: तो ब्रेड हर्षितचा आहे. तो हर्षितसाठीच आहे, आई. झोपेतून उठल्यावर दुसरं काही खात नाही तो. मी तुम्हाला कितीदा... किती वेळा सांगितलं, एक थेंब, एक थेंबसुद्धा...

प्राची: वहिनी, थांब. अजून खाल्लेला नाही. कच्चं पीठ आहे ते.

योगिनी: आज नाही खाल्लं! उद्या? परवा? मी इथे बसून काय करू? मी येते घरी. आई, त्याला खाली ठेवा, तुमचे हात धुवा. चमचा कुठे आहे तो?

शेवंती: योगिनी.

योगिनी: चमचा कुठे आहे, आई?

शेवंती: नारळाचं.

योगिनी: काय?

शेवंती: नारळाचं दूध गो, बाय. सकाळी तू गेल्यावर नारळ खवला, फडक्यातून पिळला, त्यात साखर घातली. नारळ खातो ना तो? सोलकढी वाटीभर पितो. देवाने काही तक्रार केली नाही. देव कोकणातलाच आहे आपला.

प्राची: आई, हे आधी नाही सांगायचं?

शेवंती: तुम्ही कोणी बोलू दिलंत? आणि दूध घरात आहे कुठे, घालायला? पिशवी आली तशी उचलली आणि समोरच्या घरी तुळसाच्या फ्रिजमध्ये ठेवून आले. तूप पण दिलं. दही पण. ती विचारत होती, आज काय सोवळं आहे का तुमच्याकडे. म्हटलं, हो, सून कामाला लागलीय.

योगिनी: मला... मला वाटलं, तुम्हाला पटलेलं नाही.

शेवंती: नव्हतंच पटलं. डॉक्टर बोलला तेव्हा नव्हतं पटलं. चार पोरं वाढवली गो मी दुधावर.

योगिनी: मग?

शेवंती: त्या ब्रेडच्या दिवशी रिक्षात तू पुढे वाकून त्या रिक्षावाल्यावर ओरडत होतीस, भगाओ, भगाओ. पोर माझ्या मांडीवर होतं. तू रस्ता बघत होतीस, मी त्याचे ओठ बघत होते. मला आणखी काय पटवायचंय कोणी?

योगिनी: कधी बोलला नाहीत.

शेवंती: काय बोलायचं? तू आधीच चोवीस तास त्याच्याकडे टक लावून असतेस. मी पण तोंड उघडलं असतं तर तू झोपली असतीस का? ए, ए, हर्षित, नारळ नको! प्राची, हा नारळ ओढतोय बघ!

प्राची: दे त्याला. नारळ म्हणजे काही यंत्र नाही.

शेवंती: हां, तेही खरंच. घे रे बाबा. दोन्ही हातांनी धर.

योगिनी: आई, तुमचा आवाज लांबून येतोय.

शेवंती: खाली टेकलेय जरा. ओट्याला पाठ लावून. फोन स्पीकरवर आहे.

योगिनी: खाली का बसलात?

शेवंती: काही नाही. जरा गरगरल्यासारखं वाटलं. गेलं आता.

योगिनी: सकाळपासून पोटात काय गेलंय?

शेवंती: नवरात्राचा उपास आहे ना गो. आज शेवटचा.

योगिनी: उपासाला तुम्ही दूधच घेता. सकाळी एक पेला, दुपारी एक.

शेवंती: काळा चहा केला होता. उतरेना घशाखाली. अर्धा ओतला.

योगिनी: म्हणजे काहीच नाही.

शेवंती: एक दिवस दूध नाही प्यायलं तर मरत नाही माणूस. तू जा, काम कर, पहिल्या दिवशी नावं नको ठेवून घेऊ. ठेवते मी. ते बघ, थांबलं नाचायचं. झोपलं वाटतं.

प्राची: आई? आई! ...ठेवला तिने. वहिनी, आहेस का?

योगिनी: आहे.

प्राची: रडतेस काय? नारळाचं होतं ना. नारळाचं!

योगिनी: तू संध्याकाळी जाणार होतीस ना घरी, सोन्याची पानं घेऊन?

प्राची: हो, साडेपाचला. का?

योगिनी: आत्ता निघशील?

प्राची: हर्षितला काही होणार नाही, वहिनी. ऐकलंस ना तू सगळं?

योगिनी: ऐकलं. रिक्षाच कर. पत्रीपुलावर अडकली नाहीस तर वीस मिनिटांत पोचशील. वाटेत केळी घे. दार उघडलं की तिथूनच मला फोन कर. हर्षितचं नको सांगूस. आईंचं सांग.