पंख्याचं वारं

कंधारच्या त्या काकांचं तुम्हाला सांगितलं का? माझ्या नांदेडच्या दवाखान्यात दात साफ करायला आले होते. मशीन लावायच्या आधी मी त्यांना औषधाची चूळ भरायला दिली.

"हे कशाला?"

"मशीनच्या फवाऱ्यानं तोंडातले जंतू हवेत उडतात, काका. चुळीनं ते कमी होतात."

"समदे मरतेत का?"

"नाही, थोडे राहतातच."

काकांनी मान वळवून मागचा पंखा बघितला. "आम्ही कापसावर फवारताना आधी वारं बघतो. तुमचं वारं तर माझ्याकडून त्या टेबलाकडं चाललंय."

"मग?"

"मग त्यो उघडा च्या कुणाचा हाय?"

मी उठून पंखा बंद केला. चहा माझाच होता. आधीच्या पेशंटचे दात साफ करतानाही तो तिथंच उघडा होता, आणि त्यानंतर अर्धा मी प्यायलो होतो.