मिठाचा तांडा

धोंडाबाई : "...तांडा बालाघाट उतरला तेव्हा सोमलीच्या बैलाच्या गळ्यातली घाट..." घाट न्हाई. थांबा ओ. "घंटा". गळ्यातली घंटा वाजत नव्हती.

शेषेराव : का वाजत नव्हती?

धोंडाबाई : चिंधी कोंबली तिनं आत. त्या वाटंला चोराचं भ्या हाय.

शेषेराव : हुशार हाय पोरगी. बालाघाट उतरला म्हणजे बार्शी आली. आमची गाडी तिथं चहाला थांबायची.

धोंडाबाई : कशी हाय बार्शी?

शेषेराव : स्टँड मोठं हाय.

धोंडाबाई : स्टँड न्हाई विचारलं. गाव कसं हाय?

शेषेराव : गावात कोण गेलं? ड्रायव्हरला रस्ता दिसतो, धोंडा. कंधार डेपोतून गाडी काढायची, पार महाडपर्यंत न्यायची, तिथं झोपायचं अन् सकाळी उलटं. आख्खी नोकरी काचेतून रस्ता बघितला. आता ह्या पुस्तकातल्या लमाणाच्या पोरीमागं चालून राहिलो, तवा कुठं गावं दिसून राहिलीत.

धोंडाबाई : तुम्हाला रस्ता तरी दिसला. मी कंधारहून मुखेडला माहेरी अन् मुखेडहून कंधारला. तुमच्या गाडीत बसले ती बी तेवढीच. तिकीट काढून.

शेषेराव : कंडक्टर नको म्हणत होता.

धोंडाबाई : अन् तुम्ही काढ म्हणले.

शेषेराव : नियम होता.

धोंडाबाई : बायको होते मी.

शेषेराव : म्हणून तर. लोक बघत होते. वाच, वाच फुढं.

उज्वला : अगं माय, दारातून दोनदा हाक मारली. एवढी कशात गुंगलीस?

धोंडाबाई : उजा? अशी अचानक कशी आलीस?

उज्वला : अचानक कुठं? नांदेडहून अकराच्या गाडीनं निघाले, बापूंना न्यायला. उद्या त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. फोनवर सांगितलं होतं त्यांना. तुला बोलले नाहीत?

शेषेराव : मला खोकला हाय.

उज्वला : मागच्या तारखेलाही खोकला होता. त्याच्या आधी ताप होता.

धोंडाबाई : खोकला कवा झाला? मी तर ऐकला न्हाई.

शेषेराव : बारीक हाय.

उज्वला : बापू, डॉक्टर माझ्यावर चिडले. मोतीबिंदू पार पिकलाय. आणखी लांबवलं तर मग दिसायची खात्री देत नाही म्हणाले. आत्ताच तुम्हाला समोरचं माणूस ओळखू येत नाही. परवा गोठ्यात खुंट्याला अडखळून पडलात.

शेषेराव : पडलो न्हाई. बसलो.

उज्वला : सुईची भीती वाटते का?

शेषेराव : घाटात ब्रेक गेलेली गाडी उभी केलेला माणूस हाय मी. सुईला भिऊ?

उज्वला : मग काय आहे ते तरी सांगा. माझंच चुकलं. प्रदर्शनातून ह्या नव्या कादंबऱ्या आणल्या नसत्या, तर घरात बसून कंटाळला असता अन् आपल्या पायानं नांदेडला आला असता.

धोंडाबाई : पुस्तकांना काही म्हणू नको.

उज्वला : नाही म्हणत. बापूंना राजेरजवाड्यांच्या गोष्टींची आवड, म्हणून आणल्या. वाटलं, ऑपरेशन झाल्यावर निवांत वाचतील. तू वाचशील असं कुठं माहीत होतं?

धोंडाबाई : मला तरी कुठं माहीत होतं? चौथीनंतर पुस्तक धरलं नव्हतं. पिशवीत पडून होती, म्हणलं उघडून तर बघावं.

उज्वला : मी चहा ठेवते. तोवर तूच विचार त्यांना. माझ्याशी ते खोकल्याशिवाय काही बोलत नाहीत.

धोंडाबाई : गेली ती आत. आता बोला.

शेषेराव : काय बोलू?

धोंडाबाई : डोळे नको का तुम्हाला?

शेषेराव : डोळे कुणाला नको असतात.

धोंडाबाई : मग? खरं काय ते सांगा.

शेषेराव : नोकरीत मी रस्त्यावर. घरी आलो तर तू रानात. मी जेवायला बसलो की तू चुलीपुढं. ताट सरकवलं, पाणी दिलं, झालं. रिटायर झालो तरी तेच. मी पारावर, तू घरात. आता हे दोनेक महिनं झाले, जेवणं उरकली की तू हितं येतीस, भिंतीला टेकून बसतीस अन् वाचतीस. तुझा आवाज इतका येळ मी कवा ऐकला नव्हता. लगीन झाल्यापसून न्हाई.

धोंडाबाई : मग काय झालं त्याला?

शेषेराव : डोळे आले की म्हणशील, घ्या तुमचं पुस्तक. अन् उठून जाशील.

धोंडाबाई : ह्याच्यापायी खोकला?

शेषेराव : हाव.

धोंडाबाई : अन् कायमचे आंधळे झाले असते मग?

शेषेराव : ऐकू तर आलं असतं.

धोंडाबाई : तुम्हाला वाटून राहिलंय, मी हे तुमच्यासाठी वाचते.

शेषेराव : मग कुणासाठी?

धोंडाबाई : सकाळी शेण काढून झालं की गोठ्याच्या उंबऱ्यावर बसते अन् दुपारचं पान आधी वाचून ठेवते. जोडाक्षरं फोडून फोडून. तुमच्यापुढं अडखळायची लाज वाटायची, म्हणून सुरू केलं. मग एक दिस पान सरलं तरी उठूच वाटंना. फुढचं वाचलं, त्याच्या फुढचं वाचलं. त्या दिवशी भाकरी करायची राहिली. आठवतंय?

शेषेराव : शिळी खाल्ली होती.

धोंडाबाई : त्या दिवशी सोमली समुद्राला पोचली.

शेषेराव : समुद्राला? आपण तर अजून बार्शीतच हाव.

धोंडाबाई : मी जाऊन आले फुढं. एकटीच.

शेषेराव : अन् मला बोलली न्हाईस.

धोंडाबाई : काय बोलू? इकडची ज्वारी तिकडं उतरवून मीठ भरायला गेलेला तांडा तो. म्होरक्या नाईक हाका मारून राहिलाय, गोण्या भरायच्या हाईत, अन् ही पाण्यात पाय घालून उभी. वळून बघत न्हाई. तिला कवा कुणी विचारलंच नव्हतं, बाई, तुला कुठं जायचंय म्हणून. बैल जातील तिकडं ती. मी तिथंच पुस्तक मिटलं. लई येळ बसून राहिले. म्हैस वरडत होती तरी उठले न्हाई.

शेषेराव : धोंडा.

धोंडाबाई : ऐका आधी. डोळे आले म्हणून पुस्तक तुम्हाला मिळायचं न्हाई. ते माझं हाय आता. अजून पिशवीतलं जहाजाचं पुस्तक राहिलंय, गोवळकोंड्याचं राहिलंय. तुम्ही गुमान बसायचं अन् ऐकायचं.

शेषेराव : दिसायला लागलं तरी?

धोंडाबाई : दिसायला लागलं तरी. फकस्त एक हाय. मला एकटीनं फुढं जायला करमत न्हाई. अन् मागून येणारं माणूस खुंट्याला अडखळून राहिलं, तर मी फुढं बघू का मागं?

उज्वला : हा चहा घ्या. काय ठरलं?

शेषेराव : कितीची गाडी हाय?

उज्वला : आणि खोकला?

शेषेराव : बसला.

धोंडाबाई : मी बी येते. पुस्तक घेते पिशवीत. दवाखान्यात नुसतं बसून काय करायचं?

उज्वला : माय, तिथं गर्दी असते. सगळे ऐकतील.

धोंडाबाई : ऐकू दे.

(ऑपरेशन होऊन घरी आल्यानंतरची एक दुपार. शेषेरावांच्या डोळ्यांवर काळा चष्मा.)

शेषेराव : जरा काढू का चष्मा?

धोंडाबाई : उजा काय म्हणली? उजेडात काढायचा न्हाई.

शेषेराव : सावलीत हाव की.

धोंडाबाई : काढा. पण चोळू नका.

शेषेराव : केस लई पांढरे झाले तुझे.

धोंडाबाई : मला सांगून झाले न्हाईत.

शेषेराव : चांगले दिसून राहिलेत.

धोंडाबाई : काहीबाही बोलू नका. वाचू का?

शेषेराव : वाच.

धोंडाबाई : "घाटमाथ्यावर मुक्काम करून तांडा कोकणात उतरायला लागला. झाडी इतकी गच्च, की पुढचा बैल दिसेना. सोमलीनं आपल्या बैलाच्या वाशिंडावर हात ठेवला, आणि..."

शेषेराव : बोट ठेवून वाचतीस तू.

धोंडाबाई : ओळ हुकती न्हाईतर. लहान पोरावानी दिसतं का? काढते.

शेषेराव : नको, राहू दे. कुठवर आलो ते दिसून राहिलंय मला.