दोराला माणूस

नाही हो महिपतशेठ, ती चकचकीत नको मला. काल रंग मारलाय तिला, वास येतोय अजून – आणि रंगाखाली काय आहे ते तुम्हालाही ठाऊक आणि मलाही. ही बघा, दाराच्या खाली नखाने टोकरलं तर पापुद्रा निघतोय. ही गाडी बंदरावर उभी असायची, मासळीच्या टोपल्यांचं खारं पाणी प्यायलेली आहे ही. नको. मला दिखावा नकोच आहे, मला ओढणारी पाहिजे. आणि रोज नाही, वर्षातून दोनदा! एकदा पावसाच्या आधी, एकदा नारळी पौर्णिमेला. बाकी वर्षभर अम्मीला दवाखान्यात नेईन, अंगणात उभी राहील, काही म्हणणं नाही माझं.

ती निळी डिझेलची? ती चांगली आहे, ताकद आहे तिच्यात, पण जोर फक्त मागच्या चाकांना. पुळणीत मागची चाकं गरागरा फिरतील आणि एक्सलपर्यंत रुतून बसेल, मग गाडी ओढायला दुसरी गाडी आणा! म्हणून मघापासून या जिप्सीभोवती फिरतोय. हलकी आहे, वाळूत तरंगेल. हा छोटा दांडा टाकला की चारही चाकं ओढतात – बरोबर ना? पाठीमागे हूक चेसीला बोल्ट केलेला आहे, नुसता बंपरला नाही, ते मी मघाशीच खाली झोपून पाहिलं. हसू नका, शर्ट धुता येतो. बी.एस्सी. झालोय ना मी, फिजिक्स घेऊन. घर्षण, चढाचा कोन, सगळं मांडून झालंय. कशासाठी? – ओढायचं काय, असं विचारताय? होडी. लहान आहे, वल्ह्याची, मागाहून छोटं इंजिन बसवलेलं. अब्बांची. एमआयडीसीत एकाकडून लोखंडी गाडा करून घेतलाय, चार टायरचा. उधाणाच्या भरतीला गाडा पाण्यात ढकलायचा, होडी त्यावर तरंगत आणायची, बांधायची आणि ही जिप्सी लो गिअरमध्ये हळूहळू वर. झालं. दहा मिनिटांचं काम, आणि कुणाच्या पाया पडणं नाही!

हो, माहितीय मला. हाताने ओढतात. जन्मापासून बघतोय की. हा झुबेर काय आकाशातून पडला? मे संपायला आला की एकेकाची होडी वर घ्यायची. ज्याची होडी त्याने दोर पसरून ठेवायचा, ओंडके मांडायचे, आणि बस्स – बोलवायचं नसतं कुणाला. आमच्याकडे दोराला आमंत्रण नाही. पसरलेला दोर दिसला की माणूस येतो. भांडण असो, बांधावरून कोर्टात केस असो, दोराला हात लावायचाच. चाळीस माणसं एका आवाजात ओरडतात, ओंडके कुरकुरतात, आणि होडीवाल्याच्या घरून सगळ्यांना घावणे आणि चहा. लहानपणी मला ईदीपेक्षा तो दिवस आवडायचा. आता माणसं राहिलीत कुठे, शेठ? अर्धी कुवेतला, अर्धी मुंबईला. म्हणून म्हटलं गाडी घ्यावी. काळ बदललाय. यंत्र वापरावं माणसाने.

काय? – हो, वाडीतल्या दादूची होडी परवाच वर आली. हाताने. मग? रय्यानची पण आली. तुम्हाला कुणी सांगितलं? बरं, तुमची अर्धी गिऱ्हाइकं लाँचवालेच, तुम्हाला कळणारच. माणसं आहेत हो. माणसं आहेत! चाळीस नाहीत, पण पंचवीस आहेत. सगळ्यांच्या दोराला आली. आमच्या दोराला नाही आली. कळलं आता? बहिष्कार नाही टाकला कुणी, छे! बहिष्कार म्हटलं की कायदा येतो, आणि आमची माणसं कायद्याला फार मानतात. सलाम करतात, पानसुपारी विचारतात, अम्मीला औषध आणून देतात. फक्त दोर दिसत नाही त्यांना. अम्मीने दोनदा तांदूळ भिजवले. दोनदा! दुसऱ्यांदा घावण्यांचा ढीग टोपलीत तसाच, आणि अब्बा पुळणीत दोराच्या टोकाशी उभे. लोक वरच्या बांधावर बसून विड्या ओढत समुद्र बघतायत. समुद्र! जणू कधी पाहिलाच नव्हता.

का म्हणजे? मी बोललो म्हणून. गेल्या पावसाळ्यात मासेमारीला बंदी असताना लाँचा रात्रीच्या समुद्रात जाऊन येत होत्या, बारीक जाळ्यातून बोटाएवढी पिल्लं भरून आणत होत्या, खतासाठी. खतासाठी, शेठ! दोन वर्षांनी त्याच माशांवर वाडी जगणार होती. मी वाडीच्या मीटिंगमध्ये उठून सांगितलं, तर म्हणाले, कॉलेजात जाऊन समुद्र शिकलास काय? मग मी मत्स्यखात्याच्या साहेबांना बंदरावर आणलं आणि एकेका लाँचकडे बोट केलं. सगळ्यांसमोर, दिवसाढवळ्या. चोरून नाही. आणि पुन्हा करीन. खात्याने लाँचा बांधून घातल्या त्यांच्या, मोसम गेला. बरं, शिक्षा मला द्या ना! माझ्याशी बोलू नका, मला मारा. पण मला दोर नाही, होडी नाही, मला ते काय करणार – म्हणून म्हाताऱ्याला. तो तर त्या रात्री मला म्हणाला होता, "बोललास ता बराबर बोललास, पन आपल्या मानसांवर बोट करतत काय रे?"

आणि गाडीचं सांगितलं तर म्हणतो, "गाडी होडी वर आनील. मानसां आनील काय?" म्हणजे बघा. समुद्र काळा पडायला लागलाय, एक मोठी लाट आली की होडी खडकावर जाऊन फुटेल, आणि हा माणूस अजून रोज सकाळी दोर पसरतो, संध्याकाळी गुंडाळतो. मला ते बघवत नाही. म्हणून ही जिप्सी. आजच पाहिजे. उद्या उधाण आहे.

बघा, असं आहे. मी स्टिअरिंगवर. अब्बा पाण्यात, होडीच्या या बाजूला, ती सरळ गाड्यावर बसवायला. आणि दुसऱ्या बाजूला – दुसऱ्या बाजूला – अम्मी म्हणते मी उभी राहते. छातीभर पाण्यात, पंचावन्न वर्षांची बाई, बांधावरच्या त्या सगळ्यांसमोर. नाही. ते नाही होणार. शेठ, असं करा ना, तुम्हीच चला. तुम्हाला पाण्यात उतरायचं नाही, तुम्ही फक्त गाडी चालवा, दुसऱ्या बाजूला मी उतरतो. गाडीची परीक्षाही होईल तुमच्यादेखत. घावणे खाऊन परत या. – घर कुठलं? नाटे गावाच्या पुढे, खाडीच्या तोंडाशी, आमच्या बंदरवाडीत. अब्बांचं, करीम तांडेलांचं घर कुणीही दाखवील.

काय झालं? बॉनेट का बंद केलंत? – टोकन आलंय? हिच्यावर? अर्धा तास तर चावी माझ्या हातात आहे. कुणाचं टोकन? – बरं. आणि ती निळी? – तीसुद्धा. आणि ती रंगवलेली, खारं पाणी प्यायलेली? – वा.

समजलं मला. नका सांगू. त्या लाँचवाल्यांना गाड्या विकायच्यात तुम्हाला, अजून वीस वर्षं.

एक विचारू? जिप्सीच्या मागच्या सीटवर तो नायलॉनचा दोर पडलाय, तेवढा तरी विका. अब्बांचा जुना झालाय, पसरून पसरून. – तोही गाडीबरोबर गेला?

ही घ्या चावी. सरका थोडं, माझी एसटी जाईल.