पाच अँपिअर

सामिया: परत आणलीस? तीही गुंडाळून, वर दोरा बांधून?

हनादी: तुमची वायर तुम्हाला, खाला. खूप उपकार झाले.

सामिया: उपकार गेले खड्ड्यात. तुझ्या खिडकीतून ही वायर आत घ्यायला अदनानला शिडीवर चढवलं होतं मी. या वयात. आणि तू आठवडाभरात काढून आणतेस.

हनादी: परवा पोराचं औषधाच्या वाफेचं मशीन लावलं आणि तुमच्या घरातले दिवे गेले. चाचा चार मजले उतरून जनरेटरचं बटण वर करायला गेले. गुडघा धरून उतरत होते. शिव्याही देत होते.

सामिया: तुला नव्हे, जिन्याला. लग्न झाल्यापासून ऐकतेय मी. आणि दिवे गेले ते माझ्यामुळे. मी इस्त्री लावली होती. सरकारी वीज गेली की जनरेटरवाला देतो पाचच अँपिअर. त्यात फ्रीज, इस्त्री आणि तुझं मशीन, कसं झेपणार?

हनादी: तेच म्हणते मी. आमच्यापायी तुमची इस्त्री अडते.

सामिया: मला कुठे मिरवायला जायचंय इस्त्री करून? ते सोड. काल रात्री पोराला काय केलंस?

हनादी: पातेल्यात पाणी उकळून वाफ दिली. मांडीवर घेऊन बसले.

सामिया: नुसत्या पाण्याच्या वाफेत औषध असतं का गं?

हनादी: नाही.

सामिया: झोपला का यझन?

हनादी: उजाडता उजाडता. वाएल म्हणतो, आपल्या गावी होम्सला आपल्या दुकानाच्या दिव्यांवर अर्धी गल्ली उजळायची. इथे परमुलखात दुसऱ्याच्या खिडकीतून वीज घ्यायची. असं मिंधं राहायचं नाही म्हणतो.

सामिया: नवऱ्याला सांग, तुझा ताठा तू सांभाळ. त्यासाठी पोराचा श्वास कशाला कोंडतोस?

हनादी: मग मला काहीतरी करू द्या ना. तुमचे कपडे धुते. जिना झाडते.

सामिया: जिन्याला झाडू लावलास तर याद राख. मोलकरीण मागितली का मी? एकच गोष्ट सांगितली होती. मशीन लावायच्या आधी भिंतीवर ठोक, मी फ्रीज बंद करते. ठोकलंस एकदा तरी?

हनादी: हात उचलत नाही, खाला. भिंतीपाशी जाते आणि परत येते.

सामिया: काय करू मी या पोरीचं. रागवावं तर रडवेली होते, समजवावं तर आभार मानते.

(शेजारच्या दारातून मुलाचा खोकला. थांबत नाही.)

सामिया: ऐक. वायर लाव आधी, मग दे सोडून जगाची लाज. अदनान, फ्रीज बंद कर. टीव्हीपण.

अदनान (आतून): बातम्या चालल्यात.

सामिया: उद्याही त्याच असतील.

अदनान: केलं बंद. किती वेळ?

हनादी: थोडाच, चाचा. दोन मिनिटं.

अदनान: डॉक्टरनं दोन मिनिटं सांगितलीत?

हनादी: नाही. औषध संपेपर्यंत.

अदनान: मग संपेपर्यंत म्हण.

हनादी: फार घरघरतं हो ते मशीन. भिंत पातळ आहे, तुमच्याकडे ऐकू येत असेल.

अदनान: येतं. काल आलं नाही. झोपच लागली नाही मला.